एका नावाच्या दोघी

त्या वर्षी मीठ धरायला महिनाभर उशीर झाला. पाऊस संपला असं वाटायचं आणि पुन्हा दोन दिवस कोसळून जायचा. आम्ही वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचो, भरतीचं पाणी आत घ्यायचो, ते आटून वर पांढरी साय दिसू लागली की आभाळ भरून यायचं आणि केलेलं सगळं पाण्यात. शेवटी एकदाचं ऊन तापलं, तेव्हा मुकादमाने सगळ्यांना बांधावर उभं करून सांगितलं, "आता दोन महिने कुणाचं लग्न नाही, कुणाचं बाळंतपण नाही आणि कुणाचं दुखणं नाही."

दुखणं आमच्या घरात केव्हाचं येऊन बसलं होतं. मला तेवढा पत्ता नव्हता.

मिठागरावर आमच्या घरातल्या बायकांचं मिळून एकच नाव होतं, माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. तिथली रीतच तशी. घरामागे एक बाई, एक फावडं आणि हजेरीच्या वहीत एक नाव. मग घरात बायका दोन असोत की चार. एक दिवस जाऊबाई जायच्या, एक दिवस मी. मी गेले की मुकादम जाऊबाईंचं नाव पुकारायचा आणि मी 'हजर' म्हणायची. त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. इतकी वर्षं मी त्या नावाला ओ दिली की बाजारात कुणी जाऊबाईंना हाक मारली तर आधी मान माझी वळायची. माझं स्वतःचं नाव लग्नात एकदा घेतलं गेलं असेल, त्यानंतर घरात मी 'धाकटी' आणि कामावर मी जाऊबाई.

त्या वर्षी घाई होती म्हणून मुकादमाने दोघींनाही रोज यायला सांगितलं. वहीत नाव तेच एक. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून मीठ ओढत होतो, आणि म्हणूनच मला ते दिसलं.

मीठ ओढायचं लाकडी फावडं माणसापेक्षा उंच दांड्याचं असतं. ते पुढे टाकायचं आणि पोटावर जोर घेऊन मागे मागे यायचं. जाऊबाईंचं काम नेहमी माझ्याहून नेटकं. पण त्या दिवशी पाहिलं तर चार ओढी झाल्या की त्या थांबत, मांड्या आवळून उभ्या राहत, आणि मग पुढची ओढ. टोपल्या वाहायची वेळ आली. भरलेली टोपली डोक्यावरून ढिगावर ओतली आणि जाऊबाई ढिगाच्या मागे जाऊन खाली बसल्या. मी मागोमाग गेले. त्यांचा एक हात कपड्यांच्या आत होता आणि तोंड घामाने चकाकत होतं.

"काय झालं जाऊबाई?"

"काही नाही. चप्पल तुटली."

चप्पल त्यांच्या पायात धड होती.

"मला सांगा."

"काय सांगायचंय त्यात. अंग बाहेर येतं." असं म्हणून त्यांनी आतला हात वर रेटला, दात आवळले, आणि ओढणीचा बोळा करून तो जागेवर बसवला. इतक्या सराईतपणे, जशी मी चुलीतलं लाकूड आत सारते.

"केव्हापासून?"

"धाकट्याच्या वेळेपासून."

त्यांचा धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. सात वर्षं ही बाई डोक्यावर मीठ वाहत होती, आणि मी एकाच चुलीवर शिजवत असून मला कळलं नव्हतं. त्या कधी मांडी घालून बसायच्या नाहीत, नेहमी उकिडव्या. मला वाटायचं, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच गावच्या दवाखान्यात नेलं. नर्सने तपासलं आणि म्हणाली, "गर्भाची पिशवी काढावी लागेल. त्याशिवाय उपाय नाही. आणि आजपासून वजन बंद."

"वजन बंद म्हणजे?" जाऊबाईंनी विचारलं.

"म्हणजे काहीच उचलायचं नाही. टोपली नाही, पाण्याची घागर नाही, पोरसुद्धा नाही."

"मग मला कुणीतरी उचला," जाऊबाई म्हणाल्या.

शहरातल्या सरकारी इस्पितळात पूर्वी मिठागराची चिठ्ठी चालायची. मुकादमाने चिठ्ठी दिली की ऑपरेशन फुकट. आता चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या. नर्स म्हणाली, देशभरासाठी सरकारने आरोग्याचा विमा काढलाय, त्याचं कार्ड असेल तरच होईल. कार्ड काढायला विम्याची एक मुलगी मिठाच्या गोदामात येणार आहे, येत्या सोमवारी. खासगीत करायचं म्हटलं तर आमचं घर आणि शेजारचंही विकलं असतं तरी भागलं नसतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत गोदामात गर्दी झाली. विम्याची मुलगी तरुण होती, टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली होती आणि हवेतलं मीठ त्यावर बसू नये म्हणून सारखी फडक्याने पुसत होती. तिने समजावून सांगायला सुरुवात केली. पण आमच्या बायकांना समजावणं सोपं नाही.

"विमा म्हणजे मेल्यावर मिळतो तो ना?" आम्हाला पिण्याचं पाणी आणून देणारी पाणीवाली म्हणाली. "माझ्या दिराचा होता. आता जाऊ किती छान राहते."

"हा जिवंतपणीचा आहे, मावशी."

"मग नवऱ्यांना सांगू नकोस गं. बिचारे वाट बघतायत."

हशा झाला. मुलगीही हसली, पण नेटाने सांगत राहिली. तुम्ही मजूर म्हणून तुमचा वाटा सरकार भरतं. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव वेगळं नोंदवायचं, फोटो वेगळा, अंगठा वेगळा. आजारी पडलात तर कार्ड दाखवायचं.

"आणि नाही पडलं आजारी तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर चांगलंच ना."

"मग आपला वाटा गेला?"

"गेला नाही. दुसरं कुणीतरी आजारी असतं, त्याला उपयोगी पडतो. उद्या तुम्ही पडलात की त्याचा तुम्हाला."

"म्हणजे मी धडधाकट राहून हिच्या मुतखड्याचे लाड करायचे?" पाणीवालीने शेजारणीकडे बोट दाखवलं.

मुलीने तोंड उघडण्याआधीच जाऊबाई बोलल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण खाली बसणं त्यांना जड जात होतं. "अगं, आपल्या वाफ्यांसारखं आहे ते. मधल्या बांधांना वाट ठेवली की पाणी ज्यात कमी त्यात जातं. भरलेला वाफा काय रडत बसतो का?"

मुलीने जाऊबाईंकडे असं पाहिलं की जणू तिला हे वाक्य लिहून घ्यायचं होतं.

"पण फुकट आहे म्हणजे पुढे काहीतरी काढून घेणार," एक म्हातारी पुटपुटली.

"काढून घेणारच की," पाणीवाली म्हणाली. "पिशवी."

जाऊबाईही हसल्या. त्यांचा नंबर पहिला लागला. नाव, वय, नवऱ्याचं नाव, फोटो, अंगठा. मिठाने त्यांच्या अंगठ्याची कातडी पार खाल्ली होती. तो चार वेळा तेल लावून, पुसून, काचेवर दाबावा लागला. मग मुलगी कॉम्प्युटरात बघून थांबली. इस्पितळाच्या जुन्या वह्या सगळ्या त्यात उतरवल्या होत्या.

"मावशी, नर्सने चिठ्ठीत पिशवीचं ऑपरेशन लिहिलंय. पण तुमची पिशवी तर काढलेली आहे."

"माझी?"

"हो. नऊ वर्षांपूर्वी. शहरातल्या इस्पितळात. हे बघा ना, नाव तुमचं, नवऱ्याचं नाव, मिठागराची चिठ्ठी, सगळं आहे."

गोदामात हे सगळ्यांना ऐकू गेलं. पाणीवालीने तोंडावर हात ठेवला आणि तरीही तिच्याने राहवलं नाही. "मग सात वर्षांचं ते कार्टं काय पेटाऱ्यातून काढलं?"

हसण्याचा कल्लोळ झाला. जाऊबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहत होते माझ्या पायांकडे.

ती पिशवी माझी होती. नऊ वर्षांपूर्वी मला रक्त जायला लागलं ते थांबेचना. तीन महिन्यांत मी भिंतीच्या रंगाची झाले होते. चिठ्ठी मिळणार ती वहीतल्या नावालाच. मुकादम म्हणाला, तिच्या नावावर जा, कोण बघतंय. मी गेले. खाटेवर, औषधाच्या बाटलीवर, डॉक्टरांच्या कागदावर, सगळीकडे जाऊबाईंचं नाव. आणि वहीतलं नाव आजारी पडलं म्हणून धडधाकट जाऊबाईंना दीड महिना कामावर येता येईना. त्या दीड महिन्यात त्यांनी जळणाच्या मोळ्या विकून आम्हाला जगवलं. मला मूल होणार नाही हे त्या ऑपरेशनने कायमचं ठरलं. त्यानंतर दोन वर्षांनी जाऊबाईंना धाकटा झाला आणि त्यांनी तो तिसऱ्या महिन्यातच माझ्या मांडीवर टाकला, "याला तूच सांभाळ, मला मीठ ओढायचंय."

विम्याची मुलगी तोंड पाडून म्हणाली, "मावशी, कार्ड मिळेल तुम्हाला. ताप, हाड मोडणं, सगळ्याला चालेल. पण हे ऑपरेशन मंजूर होणार नाही. माणसाला पिशवी एकच असते, दुसऱ्यांदा कशी काढणार? इस्पितळातली नोंद बदलून आणलीत तरच."

माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, मी नंतर देते नाव.

संध्याकाळी अंगणात पाय धुताना भावजींना सगळं सांगितलं. भावजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मिठागरावर वाफ्यांत पाणी सोडायची लाकडी दारं दुरुस्त करायचे. आमचे हे मिठाच्या ट्रकवर असायचे, पंधरा पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे घरात विचारायचं ते भावजींनाच. त्यांनी पटाशीला धार लावता लावता ऐकून घेतलं आणि सुताराच्या डोक्याने विचार केला.

"सोपं आहे. धाकटीच्या नावावर ऑपरेशन झालेलं नाही. धाकटीने अजून नाव दिलेलं नाही. मग ही धाकटीच्या नावाने कार्ड काढेल."

"माझा फोटो काढलाय त्यांनी," जाऊबाई म्हणाल्या.

"चुकून काढला म्हणायचं. तू धाकटी. धाकटी थोरली. मग वहीत, कॉम्प्युटरात, पोटात, सगळीकडे बरोबर जुळतं."

"कायमचं?"

"कायमचं. नाहीतरी तुम्ही काय वेगळ्या आहात?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या हिशेब करत होत्या. मग म्हणाल्या, "आणि मी टेबलावर मेले तर?"

"तर काय?"

"तर कागदावर मेली ही. मी आपली जिवंत. माझ्या मयताला मीच स्वयंपाक करायचा." त्यांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. मग हसू थांबलं. "आणि पोरं? पोरांच्या कार्डावर आईचं नाव लागतं म्हणाली ती. मी धाकटी झाले तर माझी तिन्ही पोरं हिची होतील."

धाकटा माझ्या पाठीला रेलून माझ्या वेणीचं टोक चावत होता. मी आज म्हातारी आहे, लपवून काय करू? त्या क्षणी मला ते हवंसं वाटलं. एका कागदावर का होईना, आई म्हणून नाव. काहीच चोरायचं नव्हतं, नुसतं 'बरं' म्हणायचं होतं.

जाऊबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलं असणार. त्या हळूच म्हणाल्या, "घे की मग. तसाही तुझ्याच कुशीत झोपतो."

त्या 'घे' म्हणाल्या म्हणूनच मला घेता आलं नाही. मी धाकट्याला बाजूला केलं.

"मी उद्या इस्पितळात जाते. सांगते की ते ऑपरेशन माझं होतं."

"वेडी की काय?" जाऊबाई म्हणाल्या. "पोट उघडं करून दाखवायला निघालीस चार लोकांत? आणि मुकादम? त्याने दिलेली चिठ्ठी खोटी ठरली तर दोघींनाही हाकलेल."

"तुम्ही नाही का सात वर्षं हात आत घालून..."

"गप गं!" भावजी तिथेच होते. त्यांनी पटाशी उचलली आणि उगाच दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. सात वर्षं त्यांनाही फारसं काही ठाऊक नसावं.

इस्पितळात आम्ही दोघी गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझं सगळं बोलणं मान न वर करता ऐकलं.

"म्हणजे तुम्ही खोट्या नावाने दाखल झालात."

"नाव खरंच होतं. माझं नव्हतं एवढंच."

"सगळे असंच सांगतात. एकाचं ऑपरेशन झालेलं असतं, दुसऱ्याला करायचं असतं, की लगेच नोंद चुकली."

"अहो, यांना त्यानंतर मूल झालं."

"दाखला?"

"घरी झालं."

"मग दत्तक घेतलं असेल."

जाऊबाई इतका वेळ खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मूल दत्तक घेतलं की अंग बाहेर येतं का?"

कारकुनाने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, डॉक्टरीणबाईंकडून तपासून आणा, दोघींनाही.

पडद्यामागे खाट एकच होती. डॉक्टरीणबाई सकाळपासून जेवलेल्या नव्हत्या, एका हाताने बिस्किट खात उभ्या होत्या. आम्हाला वाटलं आधी एक, मग दुसरी, पण त्या म्हणाल्या, "दोघीही आडव्या व्हा, वेळ नाही." मग आम्ही दोघी त्या अरुंद खाटेवर एकमेकींना चिकटून झोपलो, पडू नये म्हणून मी जाऊबाईंचा दंड धरला. बाहेर रांगेतल्या बायकांचे पाय पडद्याखालून दिसत होते. मी कपडे वर केले. नाभीखाली आडवी, वीतभर लांब खूण. नवऱ्याशिवाय ती कुणी पाहिली नव्हती. मी छताकडे बघत राहिले. शेजारी जाऊबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गळ्याजवळची शीर उडत होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं, मग त्यांना. बिस्किट त्यांनी खिडकीत ठेवून दिलं.

"हिला पिशवी नाही. हिला आहे, पण ती आत राहायला तयार नाही." मग जाऊबाईंना म्हणाल्या, "सात वर्षं उभ्या कशा राहिलात तुम्ही?"

"उभं राहायला वेळ कुठे होता? चालतच होते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून बसून दोन पानं लिहिली, सही केली, शिक्का मारला. कारकुनाने ती वाचली आणि या खेपेला सभ्यपणे म्हणाला, "हे झालं. आता ज्याने चिठ्ठी दिली त्याचं लेखी आणा. चिठ्ठी घेऊन आलेली बाई ही होती, ती नव्हती, एवढं लिहून द्यायचं."

म्हणजे फिरून मुकादम.

तो दुपारी गोदामाच्या सावलीत बसून पायाच्या भेगांत मेण भरत होता. पूर्वी तोही फावडंच ओढायचा. त्याची टाचही आमच्यासारखीच, वाळलेल्या तळ्यासारखी. मी कागद पुढे केला. त्याने वाचला आणि परत दिला.

"मी सही करणार नाही."

"दादा, चिठ्ठी तुम्हीच दिली होती. तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच नाही करणार. उपकार केला तो आता माझ्या गळ्यात घालतेस? हा कागद मालकापर्यंत गेला तर तो विचारेल, वहीत अशी खोटी नावं किती आहेत."

"खोटं नाव एकही नाही. माणसं जास्त आहेत."

"तेच ते."

"तेच नाही. दादा, तुम्ही तेव्हा चिठ्ठी दिली नसती तर मी मेले असते. त्याबद्दल मी काही बोलत नाहीये. पण माझं ते ऑपरेशन यांच्या अंगाला चिकटून बसलंय, ते तुमच्याशिवाय कुणी सोडवू शकत नाही."

तो भेगांत मेण दाबत बसला. वाफ्यांकडून बायकांच्या फावड्यांचा खरखर आवाज येत होता. जाऊबाई तिकडेच होत्या. वजन उचलू नका म्हटलं तरी फावडं धरायला गेल्याच होत्या. मुकादमाने डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं. चार ओढी, मग थांबणं, मांड्या आवळणं, मग पुन्हा. त्यालाही ते आताच दिसत असावं.

"मला वाटायचं कामचुकारपणा करते," तो म्हणाला. "दोनदा बोललोही तिला. सगळ्यांसमोर."

कागद माझ्या हातातच होता.

त्याने कागद मागून घेतला, मांडीवर ठेवून सही केली, तारीख घातली. कागद देताना मात्र सोडला नाही, एक टोक धरून ठेवलं. "ऐक. आता लेखी झालं की वहीतली बाई ती, तू नव्हेस. ती इस्पितळात गेली की ते नाव बंद. तिच्या जागी तू 'हजर' म्हणालीस तर मला ऐकून घेता येणार नाही. कळतंय?"

"कळतंय."

"हंगाम ऐन भरात आहे. तुमच्या घरातून कुणीच नसेल."

"कळतंय, दादा."

मग त्याने टोक सोडलं.

भावजींनी त्या रात्री जेवताना ताट नेहमीपेक्षा जोरात सरकवलं. माझं काम गेलं होतं, जाऊबाईंचं जाणार होतं. मी पलीकडच्या गावात कांदे निवडायला जाऊ लागले. दिवसभर डोळ्यांतून पाणी. पाणीवाली रस्त्यात भेटली की म्हणायची, "इतकी काय रडतेस, जाऊ अजून जिवंत आहे." मालकाने पुढे काही चौकशी केली नाही. त्याला मीठ किती निघालं एवढंच विचारायचं असायचं. मुकादम मात्र धसका घेऊन बसला होता, आणि पुढच्या हंगामात त्याने आपणहून नवी वही घातली, माणसामागे एक नाव. घराघरांतल्या बायकांनीही मग आपापली कार्डं काढली. मी त्यांतली पहिली. विम्याच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा मला सांगायला क्षणभर उशीर झाला. तिला वाटलं मला ऐकू कमी येतं. तिने मोठ्याने पुन्हा विचारलं.

त्या वर्षी इस्पितळातली नोंद बदलायला मात्र तीन आठवडे लागले. ऑपरेशनला नेताना जाऊबाईंनी अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मेले तर आता मीच मरेन, एवढं बरं झालं." दोन तासांनी त्यांना बाहेर आणलं. ओठ पांढरे, जीभ जड. मला बघून काहीतरी पुटपुटल्या. मी कान जवळ नेला. त्या विचारत होत्या, धाकट्याला खायला घातलंस का.

आठव्या दिवशी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन महिने काही उचलायचं नाही, त्यानंतरही जड कधीच नाही. खिडकीवर काही भरावं लागलं नाही. त्याच कारकुनाने कार्डावरून नाव वाचलं, जाऊबाईंकडे पाहून खात्री केली आणि कागदांची चळत माझ्याकडे दिली.

बस आम्हाला मोठ्या रस्त्यावर सोडून गेली. तिथून घरापर्यंत मिठागराच्या बांधावरून चालत जायचं होतं. दोन्ही बाजूंना वाफे पांढरेशुभ्र तापलेले, बायका फावडी ओढत होत्या. मी डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेतलं, एका हातात डबा, दुसऱ्यात पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी, कागद बगलेत. जाऊबाई पुढे चालत होत्या, हळू, पण ताठ.

थोड्या वेळाने त्या थांबल्या.

"काहीतरी दे गं माझ्याकडे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"अगं, रिकामी चालतेय मी. बायका बघतायत."

खरंच बघत होत्या. वीस वर्षांत त्या बांधावरून जाऊबाईंना कुणी रिकाम्या हातांनी जाताना पाहिलं नव्हतं, मीही नाही. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधत, कधी कमरेवर ठेवत, आणि कमरेवर ठेवले की आपण मुकादमासारख्या दिसतो म्हणून पटकन खाली सोडत.

"बाटली तरी दे."

"नाही."

"धाकटे, मी लाजेने मरेन हं."

मग मी बगलेतले कागद काढून त्यांच्याकडे दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरले, भरलेली टोपली उतरवून घ्यावी तसे जपून, आणि घर येईपर्यंत एकदाही हात बदलला नाही.